कुंभारीण

लायलने नळीवरचं लाल म्यान काढलं साडेसहाला,
मग टपालाच्या थैल्या मोजल्या, मग चहा,
मग कुणाच्या तरी कुत्र्याला साप चावला, ती गोष्ट.
पंखाखाली नळी उघडी राहिली अर्धा तास.
लाँगरीचच्या पश्चिमेला, फेब्रुवारीत,
अर्धा तास पुष्कळ झाला.

विमान धावपट्टीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पळालं
आणि थांबलं.
त्याचा धुरळा मात्र न थांबता कुंपणापलीकडे गेला.
"काटा मेलाय," रेडिओवर लायल.
इंजिन ओरडत होतं, चाकं थडथडत होती,
वेगाच्या तबकडीवर शून्य.

नेरिडाने मला टॉर्च धरायला लावला.
मी सतरा वर्षांचा, नखांत ग्रीस.
नळीचं तोंड करंगळीच्या नखाएवढं,
आत माती. लाल, ओलसर, बोटाने थापावी तशी गुळगुळीत.
कुंभारीण.
मी ओठ पुढे केले फुंकर मारायला
आणि तिने मागून माझी कॉलर ओढली.

"तुझ्या एका फुंकरीत काटा शंभराच्या पार जाईल.
पार जाऊन वाकेल.
आधी तबकडीची नळी सोडव, मग काय ते कर."

शंभर?
मी तर वाढदिवसाच्या मेणबत्त्यासुद्धा
दोनदा फुंकतो.

ती गुडघ्यावर बसली, वाकडी तार घेऊन,
आणि तारेशी बोलावं तशी बोलत राहिली:
ही नळी काही मोजत नाही रे, ही वाऱ्याला अडवते.
समोरून येतो, आत शिरतो, पुढे वाट नाही.
थांबतो. आणि थांबताना
धावण्यातला सगळा जोर आतल्या हवेत ओततो.
तो एक दाब.
दुसरा तिकडे, अंगाला, त्या बारक्या भोकांत.

मी पाहिली ती भोकं. शहाणी भोकं,
वारा बघून पाठ देणारी.
वारा त्यांच्यावरून सरकत जातो, आत डोकावत नाही,
त्यांना कळतं फक्त हवेचं मुकाट वजन,
जे उभ्या विमानावरही असतं,
झोपलेल्या माणसावरही.

दोघांच्या मध्ये, तबकडीच्या पोटात,
पातळ पत्र्याची एक डबी.
तिच्या आत अडवलेला वारा, बाहेर मुकाट हवा.
जेवढा फरक तेवढी डबी फुगते,
डबी फुगली की काटा हलतो.
म्हणजे वेग ही वजाबाकी आहे,
आणि आज सकाळी
तिच्यातला एक आकडा मातीखाली गाडलेला.

तारेला लागून बाहेर आले
मातीचे तुकडे, मग कोळी.
एक, दोन, पाच. मेलेले नव्हते.
पाय हळू हलत होते, दुरून आठवल्यासारखे.
लेकरासाठी भरून ठेवलेली शिदोरी.
पाचव्याच्या पोटाला चिकटलेलं अंडं
साखरेच्या दाण्याहून लहान.

लायल म्हणाला, "हरामखोर माशी."
नेरिडा काही म्हणाली नाही.
तिने तो कोळी अंड्यासकट
जॅमच्या रिकाम्या बरणीत ठेवला
आणि नळीत हवा सोडली, मागून पुढे,
भोकं तपासली, पुन्हा तपासली,
मग मला पंखाखाली उभं करून विचारलं,
"म्यान कुठंय?"
म्यान लायलच्या खिशात होतं.

दुसऱ्यांदा विमान निघालं आठ वाजता.
आम्ही रेडिओजवळ. खरखर, खरखर, आणि मग
"काटा जिवंत."
हे ते नेहमीच म्हणतात, दर उड्डाणाला,
मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं.

दुपारी घरी जाताना गाडीच्या खिडकीतून हात काढला,
तळवा वाऱ्याला समोरासमोर.
वारा थडकला, कोपर मागे गेला.
तळवा आडवा केला, पात्यासारखा,
तर काही नाही, वारा आपल्या वाटेने.
घर येईपर्यंत तेच करत राहिलो.
मामा म्हणाला, माशा हाकलतोयस का?

बरणी हँगरच्या खिडकीत होती एप्रिलपर्यंत.
एका सकाळी झाकणाच्या जाळीवर
बसलेली दिसली, काळी, बारीक कमरेची.
नेरिडाने झाकण काढलं,
आणि मी धावत गेलो
सगळ्या विमानांची म्यानं बघायला.